कारणाचा शोध आणि अपराध्याचा शोध : बंगळुरूच्या १९९० मधील विमान अपघाताची चौकशी

१४ फेब्रुवारी १९९०. दुपारी एक वाजून गेला होता. मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे विमान बंगळुरूच्या एचएएल विमानतळावर उतरण्याच्या बेतात होते. आकाश स्वच्छ होते आणि धावपट्टी समोर स्पष्ट दिसत होती. तरीही विमान धावपट्टीच्या सुमारे २,३०० फूट अलीकडे, कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या हिरवळीवर टेकले, उसळले, पुढच्या बांधावर आदळले आणि विमानतळाच्या कुंपणभिंतीबाहेर पेटले. विमानातील १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. मृतांत दोन्ही वैमानिक होते.

विमान होते एअरबस ए-३२०, संपूर्ण डिजिटल नियंत्रणप्रणाली असलेले पहिले प्रवासी जेट. ते प्रवासी सेवेत येऊन जेमतेम दोन वर्षे होत होती. जून १९८८ मध्ये फ्रान्समधील हॅबशाइम येथे हवाई प्रात्यक्षिकाच्या वेळी याच जातीचे विमान झाडांत शिरून तीन जण दगावले होते, आणि 'या विमानात माणसापेक्षा संगणकाचे चालते' हा आक्षेप तेव्हापासून जगभर घेतला जात होता. अशा विमानाला भारतात अपघात झाल्यावर लोकांच्या मनात पहिला प्रश्न कोणता उभा राहिला असेल, हे सांगायला नको. मात्र हा प्रश्न विचारणारे सगळे एकाच हेतूने तो विचारत नव्हते.

काळ राजकीय उलथापालथीचा होता. विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार येऊन अवघे अडीच महिने झाले होते. आधीच्या सरकारच्या परदेशी खरेदी-व्यवहारांवर संशयाचे मळभ होते आणि बोइंगऐवजी एअरबस घेण्याचा निर्णय त्यांपैकीच एक होता. अपघातानंतर लवकरच इंडियन एअरलाइन्सच्या सर्व ए-३२० विमानांची उड्डाणे सरकारने थांबवली, आणि मार्चमध्ये या खरेदीबाबत केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला. विमाने जमिनीवर ठेवणे ही खबरदारी म्हणून समर्थनीय असू शकते. मात्र खबरदारीचा निर्णय लोक निकाल म्हणून वाचतात. 'विमाने थांबवली, म्हणजे विमानातच दोष असणार' असे अनुमान घराघरांत निघाले. एअरबससाठी हा प्रतिष्ठेचा आणि बाजारपेठेचा प्रश्न होता. वैमानिकांच्या बाजूने पाहता, मेलेल्या माणसावर सारे ढकलून मोकळे होण्याची जुनी रीत पुन्हा वापरली जाईल ही भीती होती. विमान कंपनीपुढे तिच्या प्रशिक्षणाचा प्रश्न होता. प्रत्येक पक्षाला एक उत्तर हवे होते आणि एक उत्तर नको होते.

बंगळुरू हे विमानविद्येचे शहर. हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळा दोन्ही येथेच. त्याच शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी आहे. तेथील नॅशनल कॉलेजच्या वसतिगृहातील एका साध्या खोलीत डॉ. एच. नरसिंहय्या अनेक दशके राहिले. त्यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये बंगलोर सायन्स फोरम सुरू झाले आणि शास्त्रीय व्याख्यानांची परंपरा त्या परिसरात रुजली. बंगलोर विद्यापीठाचे कुलगुरू असताना, १९७६ मध्ये, चमत्कारांच्या शास्त्रीय तपासासाठी त्यांनी समिती नेमली होती. दाव्यामागे कितीही लोक उभे असले, तरी त्याने तो सिद्ध होत नाही, ही त्या समितीमागची भूमिका. अपघाताच्या चौकशीलाही नेमकी हीच शिस्त लागते. फरक एवढाच, की येथे दाव्यामागे श्रद्धेऐवजी शोक, संताप आणि कोट्यवधींचे व्यवहार उभे असतात.

विमान नियम, १९३७ मधील पंचाहत्तराव्या नियमानुसार केंद्र सरकारने औपचारिक चौकशीचा आदेश दिला आणि कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. शिवशंकर भट यांच्याकडे ती सोपवली. तांत्रिक बाबींसाठी तज्ज्ञ सहायक त्यांच्यासोबत होते. साक्षीदारांपेक्षा मोलाची साक्ष होती ती दोन यंत्रांची. एक यंत्र उड्डाणाची आकडेवारी नोंदवणारे, दुसरे कॉकपिटमधील आवाज टिपणारे. या दोन्हींच्या नोंदी सेकंदासेकंदाने एकमेकींशी जुळवल्यावर शेवटच्या काही मिनिटांचे चित्र उभे राहिले.

डाव्या आसनावर कॅप्टन फर्नांडिस होते. कमांडर म्हणून मान्यता मिळण्यासाठी लागणाऱ्या दहा मार्गचाचण्यांपैकी ही त्यांची पहिली. उजव्या आसनावर त्यांची परीक्षा घेणारे कॅप्टन गोपुजकर. दोघेही अनुभवी, परंतु विमान दोघांनाही तुलनेने नवे. उतरताना ए-३२० ची स्वयंचलित प्रणाली दोन वेगवेगळ्या रीतींनी काम करू शकते. एका रीतीत इंजिनांची शक्ती लागेल तशी कमी-जास्त करून ती ठरलेला वेग सांभाळते. दुसरी रीत 'आयडल ओपन डिसेंट'. या रीतीत इंजिने किमान शक्तीवर राहतात आणि वेग टिकवायचा असेल तर विमानाचे नाक खाली ठेवावे लागते. उंचावरून खाली येताना ही दुसरी रीत सोयीची असते. धावपट्टी जवळ आल्यावर मात्र ती धोक्याची ठरते, कारण उतरण्याचा मार्ग पकडून ठेवण्यासाठी वैमानिक नाक वर उचलतो आणि मागे इंजिने तर निवांत फिरत असतात. परिणामी वेग गळत जातो.

त्या दुपारी नेमके तेच झाले. ठरलेला वेग १३२ नॉट होता. प्रत्यक्ष वेग घसरत १०६ नॉटपर्यंत आला. विमान 'आयडल ओपन डिसेंट'मध्ये आहे, हे परीक्षक वैमानिकाच्या लक्षात आल्याचे संवादातून दिसते. या रीतीतून बाहेर पडण्यासाठी दोन्ही वैमानिकांसमोरील 'फ्लाइट डायरेक्टर' बंद व्हायला हवे होते. एक बंद झाला, दुसरा चालूच राहिला. तसे झाले की यंत्रणा वेग सांभाळण्याच्या रीतीकडे परतत नाही. विमानाने स्वतः ४००, ३०० आणि २०० फूट उंचीची पुकार केली. शक्ती वाढवली गेली तेव्हा उशीर झाला होता. जेट इंजिनाला किमान शक्तीवरून पूर्ण शक्तीवर यायला काही सेकंद लागतात, आणि तेवढे सेकंद शिल्लक नव्हते.

आता खरा प्रश्न उरतो. धावपट्टीच्या इतक्या जवळ विमान त्या रीतीत शिरलेच कसे?

चौकशीपुढे आलेला एक तर्क असा. वैमानिकांच्या संवादात मिनिटाला ७०० फूट या उतरण्याच्या वेगाचा उल्लेख होता. उतरण्याचा वेग निवडण्याची गोल कळ आणि उंची निवडण्याची गोल कळ एकाच पटलावर शेजारीशेजारी होत्या. पहिल्या कळीऐवजी चुकून दुसरी फिरली असेल, तर 'मिनिटाला ७०० फूट' या आज्ञेऐवजी 'समुद्रसपाटीपासून ७०० फूट उंची' अशी आज्ञा यंत्राला मिळाली असेल. बंगळुरूचा विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फुटांवर आहे. म्हणजे जमिनीच्या पोटातील उंची गाठायची आहे असे समजून यंत्राने इंजिने मंद ठेवली असती. तर्क देखणा आहे. ऐकणाऱ्याला पटतो, आणि कागदावर दोन ओळींत मावतो.

न्यायमूर्ती भट यांच्या अहवालाची खरी कसोटी येथेच लागली. संभाव्य कारण म्हणून अहवालाने जे नोंदवले त्याचा आशय असा : विमान 'आयडल ओपन डिसेंट'मध्ये असल्याचे माहीत असूनही, उंचीच्या पुकारांनंतरही, वैमानिकांना परिस्थितीचे गांभीर्य उमगले नाही आणि त्यांनी शक्ती वाढवण्याची कृती तत्काळ केली नाही. हा भाग नोंदींवर उभा होता. त्याच निष्कर्षाला अहवालाने पुढचे वाक्य जोडले : उतरण्याच्या त्या निर्णायक टप्प्यात ही रीत सुरू होण्याचे कारण निश्चित करणे शक्य नाही. शेजारच्या कळीचा तर्क शक्यता म्हणून नोंदला गेला, निष्कर्षात मात्र त्याला स्थान मिळाले नाही.

या दुसऱ्या वाक्याचे मोल सहज लक्षात येत नाही. ९२ कुटुंबे उत्तराची वाट पाहत होती. सरकारला, कंपनीला, उत्पादकाला, वृत्तपत्रांना पूर्ण गोष्ट हवी होती. गोष्ट पूर्ण करण्यासाठी लागणारा तुकडाही हाताशी होता. तो बसवला असता तर कोणी फारशी हरकत घेतली नसती, कारण ज्यांच्यावर ती चूक लादली जाणार होती ते उत्तर द्यायला हयात नव्हते. नोंदी जेथे थांबल्या, तेथे अहवालही थांबला. नि:पक्षपातीपणा म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे गुण वाटणे, असा समज असतो. या अहवालाने वैमानिकांच्या उशिराची नोंद न कचरता केली, म्हणजे गुण सारखे वाटले नाहीत. पुराव्याच्या पलीकडे मात्र त्याने कोणालाही अर्धा गुण जास्त किंवा कमी दिला नाही.

अर्थात या अहवालावर टीकाही होऊ शकते. वैमानिकांचे वर्तन पहिल्या वाक्यात आणि अनिश्चितता दुसऱ्यात, अशी रचना असली की वाचणारा पहिले वाक्य लक्षात ठेवतो. बंगळुरूचा अपघात आजही अनेक ठिकाणी 'वैमानिकांची चूक' या दोन शब्दांत उरकला जातो. विमानाचा दोष की वैमानिकाचा, या वादात तिसरे उत्तर झाकले गेले. माणूस आणि यंत्र दोघेही आपापल्या परीने शहाणे, तरी यंत्र कोणत्या रीतीत चालले आहे याबद्दल दोघांची समजूत वेगळी, हे ते तिसरे उत्तर. २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्गजवळ एअर इंटरचे ए-३२० डोंगरावर आदळले आणि ८७ जण ठार झाले. तेथे ३.३ अंशांचा उतार निवडल्याच्या समजुतीत मिनिटाला ३,३०० फुटांचा वेग निवडला गेला असावा, ही शक्यता तपासात ठळकपणे पुढे आली, आणि पुढे त्या आकड्यांची मांडणी बदलण्यात आली. बंगळुरू आणि स्ट्रासबुर्ग हे एकसारखे अपघात नव्हेत. परंतु दोन्हींत विचारायचा प्रश्न एकच होता. हुशार माणसाला चुकीची समजूत होऊ देण्यासारखे त्या पटलात काय होते? दोषी शोधणारा माणूस सापडला की थांबतो, त्यामुळे हा प्रश्न त्याच्या वाट्याला येतच नाही.

घाईचा निकाल किती फसवा असतो, हे मुंबईने त्याआधी बारा वर्षे पाहिले होते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे जंबो जेट दुबईसाठी सांताक्रूझहून उडाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. घातपाताची कुजबुज लगेच सुरू झाली. समुद्रतळातून काढलेल्या नोंदींनी वेगळेच सांगितले. कॅप्टनसमोरील विमानाचा कल दाखवणारे यंत्र उजवा कल दाखवत अडकले होते. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिज दिसत नव्हते. यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे वळवले गेले आणि वळतच राहिले.

उलट १९८५ मध्ये 'कनिष्क'च्या बाबतीत घातपाताचा संशय खरा ठरला. पण तो सिद्ध करण्याची वाट सोपी नव्हती. २३ जून रोजी आयर्लंडजवळ अटलांटिकवर ३२९ जणांसह विमान नाहीसे झाले. सुमारे दोन किलोमीटर खोल पाण्यातून नोंदयंत्रे वर आणण्यात आली. ध्वनिफितीच्या शेवटी एक तीव्र आवाज होता. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याचे विश्लेषण करून स्फोटाकडे बोट दाखवले. ब्रिटिश तज्ज्ञाला मात्र त्या आवाजात बॉम्बची खात्रीशीर खूण सापडली नाही. न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या चौकशीने समुद्रतळावरील अवशेषांसह साऱ्या पुराव्याचा विचार करून पुढच्या मालकक्षात बॉम्बस्फोट झाल्याचा निष्कर्ष काढला. कॅनडाच्या तपासमंडळानेही परिस्थितिजन्य पुरावा बॉम्बकडेच निर्देश करतो असे म्हटले. ध्वनिफितीबद्दलचा मतभेद लपवला गेला नाही, आणि त्यामुळे निष्कर्ष दुबळा झाला नाही. एका धाग्यावर न लोंबकळता तो अनेक धाग्यांवर उभा राहिला.

न्यायमूर्ती असो वा शास्त्रज्ञ, दबावापुढे एकट्या व्यक्तीची सचोटी किती काळ पुरणार? म्हणून तपासणाऱ्या संस्थेचे स्थान महत्त्वाचे ठरते. भारतात हा धडा रेल्वेने फार आधी घेतला. १७ जुलै १९३७ रोजी बिहारमधील बिहटा येथे रेल्वेचा मोठा अपघात झाला. त्यानंतर नेमलेल्या पॅसिफिक लोकोमोटिव्ह समितीने एक व्यवस्थात्मक दोष दाखवला. जे रेल्वे मंडळ गाड्या चालवते, त्याच्याच हाताखालच्या निरीक्षकांनी अपघात तपासावेत, हे योग्य नाही. मे १९४१ मध्ये निरीक्षक रेल्वे मंडळापासून अलग करून टपाल व हवाई खात्याकडे देण्यात आले. आजही रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही व्यवस्था विचित्र वाटते, पण तिच्यामागचे तर्कशास्त्र चोख आहे.

विमानांच्या बाबतीत मात्र भारत मागे राहिला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ मध्येच अपघात-तपासाचे तेरावे परिशिष्ट स्वीकारले. तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष वा दायित्व ठरवणे हा नव्हे, हे त्याचे सूत्र आहे. त्यामागे व्यावहारिक शहाणपण आहे. उत्तराची शिक्षा होणार असे दिसले की माणूस खरे बोलत नाही. शिक्षा ठरवण्यासाठी न्यायालये आहेत आणि त्यांचे पुराव्याचे नियम वेगळे आहेत. एवढे असूनही भारतात मोठ्या अपघातांसाठी न्यायालयीन चौकशी आणि इतरांसाठी नियामक असलेल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा तपास, अशीच पद्धत दीर्घकाळ चालली. ज्याने परवाना दिला त्यानेच अपघात तपासायचा, हा तोच १९३७ चा पेच. मे २०१० मधील मंगळुरू अपघातात १५८ जण गेले. त्यानंतर २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण विभाग, म्हणजे एएआयबी, वेगळा झाला. मात्र हा विभागही महासंचालनालय ज्याच्या अखत्यारीत आहे त्याच मंत्रालयाखाली आहे. रेल्वेच्या तपासनिसांना स्वातंत्र्य मिळावे म्हणून ज्या मंत्रालयाचा आसरा देण्यात आला, त्याच मंत्रालयात विमानांचे तपासनीस मात्र आपल्याच घरात आहेत.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ उड्डाणानंतर काही क्षणांत कोसळले आणि विमानातील २४१ व जमिनीवरील १९ असे २६० जण मृत्युमुखी पडले, तेव्हा हे सारे प्रश्न पुन्हा उभे राहिले. महिन्याभरात आलेल्या प्राथमिक अहवालाने नोंदवले, की दोन्ही इंजिनांच्या इंधन-कळा एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेल्या. एका वैमानिकाने दुसऱ्याला इंधन का बंद केलेस असे विचारले आणि दुसऱ्याने आपण तसे केले नाही असे सांगितले, एवढेच संवादाचे सारही दिले. कोण बोलले, आधी-नंतर काय बोलणे झाले, कळा कशा हलल्या, हे अहवालाने सांगितले नाही. उरलेली जागा जगभरातल्या वृत्तवाहिन्यांनी आणि समाजमाध्यमांनी चोवीस तासांत भरून टाकली. १७ जुलै रोजी तपासविभागाला अकाली निष्कर्ष काढू नयेत असे जाहीर आवाहन करावे लागले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षांनीही अशा बातम्यांना तर्कबाजी म्हटले. दिवंगत कमांडरचे वृद्ध वडील स्वतंत्र चौकशीची मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्या अहवालावरून वैमानिकाला दोष देता येणार नाही असे न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये सांगितले.

१९९० आणि २०२५ मधला फरक दबावाच्या वेगाचा आहे. त्या वेळी दबाव संसदेतून आणि वृत्तपत्रांतून यायचा, आणि चौकशीला काही महिने श्वास घ्यायला मिळायचे. आता निकाल अपघाताच्या दिवशीच लागतो आणि तपास त्याच्या मागून चालतो. त्यामुळे तपासनिसाची जबाबदारीही वाढली आहे. पुराव्यापलीकडे न जाणे पुरेसे नाही. अर्धे दिलेले वाक्य लोक कसे पूर्ण करतील, याचाही विचार त्याला करावा लागतो. जे ठाऊक नाही ते नुसते गाळले, तर ती जागा अफवा घेते. जे ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही' असे ठळकपणे लिहिले, तर निदान ती जागा कोणाची नाही हे तरी वाचणाऱ्याला कळते.

विज्ञान शिकणाऱ्यांना हे नवे नाही. प्रयोगाच्या वहीत न मिळालेले वाचन कोरे ठेवायचे असते, शेजारच्याच्या वहीतून उतरवायचे नसते. ९२ मृत्यूंची वही समोर उघडी असताना, सगळा देश खांद्यावरून डोकावत असताना, १९९० च्या अहवालाने एक जागा कोरी ठेवली आणि ती का कोरी आहे हे शाईने लिहिले. ती जागा आजही कोरीच आहे.